मोटारीच्या खिडकीची काच : बिघाड शोधण्याच्या रीतीचा इतिहास

पाठाविषयी

बटण दाबले, पण गाडीच्या खिडकीची काच हलत नाही, ही तक्रार आज कोणत्याही गॅरेजमध्ये नेहमी येते. तिच्यावर काय करावे हे सांगणारी कोष्टके पुस्तकांत मिळतात : फ्यूज पाहा, स्विच पाहा, मोटर पाहा. पण काही वेळा हे सगळे भाग चांगले असतात आणि तरीही काच अडते. असे का होते, हे कोष्टक सांगत नाही. त्याचे उत्तर खिडकीच्या इतिहासात सापडते.

या पाठात आपण एकच मुद्दा समजून घेणार आहोत. मोटारीच्या दारात आज जी यंत्रणा असते ती एका वेळी तयार झालेली नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत तिचे चार थर एकावर एक चढत गेले. पहिला थर म्हणजे काच आणि ती जिच्यातून सरकते ती खाच. दुसरा थर काच उचलणाऱ्या रेग्युलेटरचा. तिसरा मोटर, स्विच आणि वायरींचा. चौथा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा. नवा थर आला तेव्हा जुना निघून गेला नाही, तो खाली तसाच राहिला. त्यामुळे बिघाड शोधणे म्हणजे मुळात ‘दोष कोणत्या थरात आहे?’ हे ठरवणे होय. प्रत्येक थर केव्हा आणि कशासाठी आला हे माहीत असेल, तर हा प्रश्न विचारणे सोपे जाते.

१. पहिला थर : पट्टा, खाच आणि पाचर

सुरुवातीच्या बहुतेक मोटारी उघड्या होत्या. त्यांना वर कापडी छत असे आणि बाजूला काच नसे. ज्या थोड्या मोटारी बंद होत्या त्यांची दारे घोडागाडी बांधणारे कारागीर बनवत, आणि खिडकीची रीतही घोडागाडीचीच असे. काचेच्या खालच्या कडेला चामड्याचा पट्टा जोडलेला असे आणि त्या पट्ट्याला ओळीने भोके असत. पट्टा ओढून काच वर घ्यायची आणि हवे ते भोक दारावरच्या खुंटीत अडकवायचे. रेल्वेच्या डब्यांतही ही पद्धत बराच काळ होती.

या यंत्रणेत बिघाड शोधण्याचा प्रश्नच नव्हता, कारण सगळे डोळ्यांसमोर असे. पट्टा तुटला तर तो दिसे. लाकडी खाच पावसाने फुगून काच अडली, तर ती हाताला कळे. काच खडखडली की कापडाची किंवा लाकडाची पाचर बसवली जाई.

हा थर जुना झाला असे समजू नका. आजच्या गाडीतही काच रबराच्या किंवा मखमली अस्तराच्या खाचेतूनच सरकते. राजस्थानची धूळ, किनाऱ्यावरची खारी हवा आणि वर्षानुवर्षांचे ऊन यांनी ते रबर कडक होते, सुजते किंवा जागा सोडते. नवे बटण आणि नवी मोटर असलेली काचही शेवटी याच खाचेच्या मर्जीवर चालते. पुढे चौथ्या थराकडे जाताना हे लक्षात ठेवा.

२. दुसरा थर : हँडल आणि रेग्युलेटर

अमेरिकेत १९१९ मध्ये विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी जेमतेम एक दशांश बंद प्रकारच्या होत्या. १९२० च्या दशकाच्या अखेरीस हे प्रमाण उलटले आणि बहुसंख्य गाड्या बंद झाल्या. घरातल्या सगळ्यांनी, सगळ्या ऋतूंत वापरायच्या गाडीला पट्टा पुरेसा नव्हता. काच हवी तेवढी, हवी तिथे आणि एका हाताने थांबवता यायला हवी होती. याच काळात हँडल फिरवून काच वर-खाली करणारी यंत्रणा सर्वत्र पसरली. अमेरिकेत टर्नस्टेट आणि जर्मनीत कोबुर्ग गावची ब्रोझे अशा कंपन्या त्यासाठी प्रसिद्ध झाल्या.

या यंत्रणेला रेग्युलेटर म्हणतात. तिचा सर्वांत ओळखीचा प्रकार कात्रीसारखा असतो. हँडल एक लहान गिअर फिरवते, तो अर्धचंद्राकृती दातेरी पट्टीला ढकलतो, पट्टीला जोडलेला हात वर उठतो आणि काच उचलली जाते. काचेचे वजन पेलायला मदत म्हणून त्यात एक ताणलेली स्प्रिंग असते. हँडल सोडले तरी काच खाली घसरू नये म्हणून हँडलच्या मुळाशी स्प्रिंगचा ब्रेक असतो. नंतरच्या काळात दुसरा प्रकार रुळला. त्यात पोलादी तार एका ढोलकीवर गुंडाळली जाते आणि तारेला जोडलेला प्लॅस्टिकचा तुकडा काच घेऊन रुळावर वर-खाली सरकतो. हा प्रकार हलका आणि स्वस्त असतो, पण तार उसवणे आणि प्लॅस्टिकचा तुकडा फुटणे हे त्याचे ठरलेले आजार आहेत.

दोष शोधणाऱ्याच्या दृष्टीने इथे एक मोठा बदल झाला. यंत्रणा दाराच्या पत्र्याच्या आत गेली. दोष आता दिसत नव्हता, तो ऐकून आणि हाताने ओळखावा लागत होता. हँडल जड फिरते, की सैल फिरते, की फिरते पण काच येत नाही, या तीन प्रश्नांवर मिस्त्री निदान करी. जड फिरते म्हणजे दोष खाचेत किंवा वंगणात. सैल फिरते आणि काच आपोआप उतरते म्हणजे ब्रेक गेला. हँडल फिरते पण काच जागची हलत नाही म्हणजे दाते झिजले किंवा काच रेग्युलेटरपासून सुटली. हँडल धरणारा हात हेच त्या काळचे मोजमापाचे साधन होते.

भारतात हा काळ खूप लांबला. उत्तरपाड्याची अँबेसेडर १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत बनत राहिली. मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या फिएटचे पुढे पद्मिनी असे नाव झाले. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. या गाड्यांच्या कित्येक पिढ्या हँडलवरच चालल्या. भाग एकसारखे होते, बाजारात सहज मिळत होते, आणि दार उघडून पाहिले की यंत्र समजत होते. १९५० मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या शिल्पकार प्रशिक्षण योजनेतून आयटीआयमध्ये शिकलेले मेकॅनिक आणि गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली शिकलेले मिस्त्री, दोघांनाही हे यंत्र सारखेच उघडे होते.

३. मधला प्रयोग : द्रवाच्या दाबावर चालणारी काच

हँडलपासून थेट विजेच्या मोटरकडे उडी गेली असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात मध्ये एक प्रयोग होऊन गेला. पॅकार्ड कंपनीने १९४० च्या सुमारास आपल्या महागड्या १८० मालिकेत बटणावर चालणाऱ्या खिडक्या दिल्या. त्यात मोटर दारात नव्हती. एक विजेचा पंप द्रवाला दाब देई, तो दाब नळ्यांतून दारातल्या सिलिंडरपर्यंत जाई आणि काच उचलली जाई. १९४१ मध्ये लिंकनच्या मोठ्या लिमोझिनमध्येही बटणावर चालणाऱ्या खिडक्या आल्या. जनरल मोटर्सने १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘हायड्रो-लेक्ट्रिक’ या नावाने अशीच यंत्रणा विकली.

या व्यवस्थेची अडचण अशी की नळ्या आणि सिलिंडर गळत. द्रव ब्रेक ऑइलच्या जातीचा असल्याने गळला की रंग खराब होई. सगळ्या खिडक्यांना पंप एकच असल्याने तो बंद पडला की सगळ्या खिडक्या बंद. इथे निदानाचा एक नवा प्रश्न जन्माला आला आणि तो आजही पहिला विचारला जातो : एकच काच बंद आहे की सगळ्या? सगळ्या बंद असतील तर दोष सामाईक भागात. एकच असेल तर दोष त्या दारात. द्रवाची यंत्रणा १९५० च्या दशकात मागे पडली, पण हा प्रश्न मागे राहिला.

४. तिसरा थर : मोटर, स्विच आणि दोन वायरी

१९५१ च्या क्रायस्लर इंपीरियलमध्ये पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या खिडक्या आल्या. १९५० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकन गाड्या ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर गेल्या. तेवढ्याच कामाला निम्मा प्रवाह पुरू लागल्याने प्रत्येक दारात एक लहान मोटर बसवणे व्यवहार्य झाले. जर्मनीत बीएमडब्ल्यू ५०३ या गाडीत त्याच दशकात विजेच्या खिडक्या मिळू लागल्या.

या थराची रचना नीट समजून घ्या, कारण बहुतेक बिघाड इथे असतात आणि बहुतेक चुकीची निदानेही इथेच होतात.

मोटरला दोनच वायरी असतात. एका वायरीला बॅटरीचा प्लस आणि दुसरीला मायनस मिळाला की काच वर जाते. उलट जोडणी झाली की तीच मोटर उलटी फिरते आणि काच खाली येते. म्हणजे वर जाण्याची वेगळी मोटर आणि खाली येण्याची वेगळी, असे नसते. स्विचचे काम एवढेच की दोन वायरींपैकी कोणत्या वायरीला प्लस द्यायचा हे ठरवणे.

बटण दाबलेले नसताना काय होते? तेव्हा मोटरच्या दोन्ही वायरी मायनसला, म्हणजे अर्थला, जोडलेल्या असतात. बटण दाबले की एक वायर अर्थ सोडून प्लसला जाते, दुसरी अर्थलाच राहते आणि प्रवाह वाहू लागतो.

आता खरी गंमत पाहा. डाव्या दाराची काच दोन ठिकाणांहून चालवता यायला हवी : तिथे बसलेल्याच्या बटणावरून आणि चालकाच्या मुख्य स्विचवरून. जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये हे दोन्ही स्विच एकापुढे एक जोडलेले असतात. डाव्या दाराच्या स्विचला अर्थ थेट मिळत नाही, तो चालकाच्या स्विचमधून येतो. याचा परिणाम असा की चालकाच्या स्विचमधला एखादा संपर्क जळला किंवा मळला, तर डाव्या दाराचे बटण स्वतः धडधाकट असूनही काच हलत नाही. नवशिका मेकॅनिक डावे दार उघडतो, तिथला स्विच बदलतो, मग मोटर बदलतो, आणि काच तशीच राहते. दोष दुसऱ्या दारात असतो.

या रचनेवरून काही निष्कर्ष स्वतःच काढता येतात.

काच खाली येते पण वर जाताना मोटरचा आवाजही येत नाही, तर मोटर आणि फ्यूज दोन्ही चांगले आहेत. दोन्ही दिशांना मोटर एकच आणि फ्यूज एकच असतो. संशय स्विचवर किंवा दोन स्विचमधल्या वायरीवर घ्या.

काच खाली येते, वर जाताना मोटर कण्हते पण काच चढत नाही, तर वीज पोहोचते आहे. मग दोष खालच्या दोन थरांत, म्हणजे खाचेत किंवा रेग्युलेटरमध्ये, असण्याची शक्यता जास्त. तरीही वाटेत व्होल्टेज पडत नाही ना, हे एकदा मोजून घ्या.

मोटर फिरल्याचा आवाज येतो आणि काच जागची हलत नाही, तर तार तुटली आहे किंवा प्लॅस्टिकचा तुकडा फुटला आहे.

दार अर्धे उघडले की काच चालते आणि बंद केले की थांबते, तर दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीतली वायर तुटलेली आहे. दार हजारो वेळा उघडते आणि मिटते, त्यात तांब्याचे धागे एकेक करून तुटतात.

काच काही वेळ वर-खाली केल्यावर बंद पडते आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू होते, तर मोटर तापून आतल्या रक्षक कडीने वीज तोडली आहे. ही कडी मोटर वाचवण्यासाठीच असते. मोटर का तापली, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा पुन्हा पहिल्या थरात, म्हणजे कोरड्या खाचेत असते.

या थराबरोबर मिस्त्रीच्या हातात नवी साधने आली : आधी बल्बचा टेस्ट लॅम्प, मग मल्टिमीटर. मल्टिमीटर वापरताना एक गोष्ट विसरू नका. वायरीचे वीस धागे तुटून एकच उरला असला, तरी मोटर सोडवून मोजले तर मीटर १२ व्होल्ट दाखवेल, कारण मीटरमधून जवळजवळ प्रवाह जातच नाही. मोटर जोडलेली ठेवून, बटण दाबलेले असताना मोजले तरच खरी स्थिती कळते.

५. भारतात पॉवर विंडो

भारतात प्रवासी मोटारींचा उद्योग १९९३ मध्ये परवाना-मुक्त झाला. त्यानंतर आलेल्या गाड्यांमध्ये पॉवर विंडो महाग मॉडेलची खूण बनली. स्वस्त मॉडेलमध्ये चारही दारांना हँडल, मधल्या मॉडेलमध्ये पुढच्या दोन दारांना बटण, आणि वरच्या मॉडेलमध्ये चारही दारांना बटण, अशी वाटणी बराच काळ दिसत होती.

यातून एक समांतर बाजार उभा राहिला. दिल्लीतील करोल बाग आणि काश्मिरी गेट, चेन्नईतील पुदुपेट, कोलकात्यातील मल्लिक बाजार, बंगळुरूतील जे. सी. रोड अशा ठिकाणी हँडलच्या गाडीला पॉवर विंडो बसवून मिळू लागली. त्यासाठी लागणाऱ्या मोटर, स्विच आणि वायरींचा संच तयार मिळे. अशा गाडीत बिघाड शोधताना कंपनीचा वायरिंगचा नकाशा कामी येत नाही. संच बसवणाऱ्याने प्लस कोठून घेतला, फ्यूज लावला की नाही, हे आधी शोधावे लागते. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी जाड तार किंवा मोठा फ्यूज लावलेला आढळला, तर काच चालू करण्याआधी तो काढा. फ्यूज उडतो तो वायर जळू नये म्हणून. तो नाहीसा केला की जळण्याची पाळी वायरीवर येते.

आपल्याकडचा पाऊस हे आणखी एक कारण. दाराच्या आत पाणी येतेच. ते तळाच्या छिद्रांतून बाहेर जावे अशी योजना असते. पानांनी आणि मातीने ती छिद्रे बुजली की पाणी दारात साचते, रेग्युलेटर गंजतो आणि मोटरमध्ये ओल शिरते. डोअर पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा एक पडदा चिकटवलेला असतो. दुरुस्तीच्या वेळी तो फाडून तसाच सोडला, तर पुढच्या पावसाळ्यात पाणी आत, स्विचपर्यंत आणि पायाखालच्या गालिच्यापर्यंत येते. आजच्या तक्रारीचे मूळ मागच्या दुरुस्तीत असू शकते, म्हणून ग्राहकाला ‘हे दार पूर्वी उघडले होते का?’ असे जरूर विचारा.

६. गळा, गुडघा आणि कायदा

हँडलच्या काचेत हात अडकला तर फिरवणारा हात थांबत असे. मोटरला ते कळत नाही. खिडकीबाहेर डोकावलेल्या मुलाचा गुडघा दारावरच्या बटणावर पडावा आणि काच वर यावी, अशा दुर्घटना अमेरिकेत घडल्या आणि त्यांत मुले दगावली. तेथील पॉवर विंडोविषयीचे सुरक्षा मानक, क्रमांक ११८, १९७१ मध्ये लागू झाले. चावी चालू असल्याशिवाय खिडक्या बंद होऊ नयेत, हे त्यातले मुख्य सूत्र होते.

हे पुरेसे ठरले नाही, कारण गाडी चालू ठेवून मोठी माणसे खाली उतरत. २००४ ते २००६ या काळात तो नियम सुधारला गेला आणि बटणाचा आकारच बदलला. दाबून वर जाणारे बटण जाऊन, काच वर घेण्यासाठी बोटाने वर ओढावे लागणारे बटण आले. त्यावर गुडघा पडला तर काच फार तर खाली जाते. हा बदल यंत्राचा नसून बटणाच्या ठेवणीचा होता, तरी त्याने जीव वाचतात. जुन्या गाडीत बाजारातला स्वस्त स्विच बसवताना तो कोणत्या प्रकारचा आहे, हे म्हणूनच पाहायला हवे.

किल्लीशिवाय किंवा दूरवरून बंद होणाऱ्या खिडक्यांसाठी वेगळी अट आहे : अडथळ्यावर १०० न्यूटनचा जोर येण्याआधी काच थांबून उलटी फिरली पाहिजे. १०० न्यूटन म्हणजे साधारण १० किलो वजनाचा भार. युरोपच्या नियमांतही हाच आकडा आहे.

७. चौथा थर : संगणक

काच कशाला तरी टेकली आहे हे मोटरला कळायचे तर तिला मोजता यायला हवे. त्यासाठी मोटरच्या दांड्यावर चुंबक आणि शेजारी एक संवेदक बसवला गेला. दांड्याचे फेरे मोजून काच कोठे आहे हे कळते आणि वेग मंदावला की अडथळा आहे असे ओळखता येते. हा हिशेब करायला दारात लहान संगणक आला. बॉशने १९८६ मध्ये मांडलेली कॅन आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेली त्याहून साधी लिन, या संदेशवाहिन्यांनी दारे एकमेकांशी बोलू लागली. आता अनेक गाड्यांत बटण मोटरला वीज देत नाही. ते फक्त विनंती करते, आणि वीज द्यायची की नाही हे मॉड्यूल ठरवते.

या थरात दोन नव्या तक्रारी जन्मल्या आणि दोन्हींत भाग बिघडलेला नसतो.

पहिली : बॅटरी बदलल्यावर एका स्पर्शात बंद होणारी काच तशी बंद होत नाही. मॉड्यूल काचेची वरची मर्यादा विसरलेले असते. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद ओढून धरले की ते पुन्हा शिकते. नेमकी कृती गाडीच्या पुस्तिकेत पाहा.

दुसरी : काच वर जाते आणि शेवटच्या बोटभर अंतरावरून स्वतःहून परत खाली येते. ग्राहक म्हणतो मोटर गेली. स्कॅनर कधी कधी एकही दोष दाखवत नाही. खरी गोष्ट बहुधा अशी असते की खाचेचे रबर कडक झाले आहे, काचेला घर्षण जास्त होते, वेग मंदावतो, आणि मॉड्यूलला वाटते कोणाचे बोट अडकले. सर्वांत नव्या थराची तक्रार आणि सर्वांत जुन्या थरातला दोष! खाच साफ करून सिलिकॉनचा फवारा मारल्यावर अशा कितीतरी काचा सुरळीत चालतात.

८. तपासणीचा क्रम

आतापर्यंतचा इतिहास आता क्रमाने वापरू.

प्रथम ऐका आणि पाहा. एकच काच की सगळ्या? एकच दिशा की दोन्ही? मोटरचा आवाज येतो की नाही? चालकाच्या दारावरचे खिडक्या रोखणारे बटण दाबलेले नाही ना? या चार प्रश्नांना एक मिनिट लागते आणि बहुतेक वेळा थर तिथेच ठरतो.

सगळ्या बंद असतील तर बॅटरी, फ्यूज, रिले आणि मुख्य स्विच. एकच बंद असेल तर त्या दाराचे बटण, मग चालकाचे बटण, मग बिजागरीजवळची वायर, मग मोटर. आवाज येऊन काच अडत असेल तर रेग्युलेटर आणि खाच.

दार उघडल्यावर दोन काळज्या घ्या. कात्री प्रकारच्या रेग्युलेटरवरून मोटर काढण्याआधी दातेरी पट्टी पक्की बांधा. नाहीतर ताणलेली स्प्रिंग हात झटक्याने फिरवते आणि बोटे चेचतात. आणि मॉड्यूलच्या वायरींवर बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका. तो ओढतो तेवढा प्रवाह नाजूक भागांना सोसत नाही. तिथे मल्टिमीटर वापरा.

९. खिडकी म्हणजे बाहेर पडण्याची वाट

काच बंद पडणे ही केवळ गैरसोय नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी पाण्यात अडकलेल्या गाड्यांतून बाहेर पडता न आल्याने काही जणांचा मृत्यू झाला. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार उघडत नाही, आणि पाणी वर चढले की काचही दाबली जाऊन अडते. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी पाण्यात बुडणाऱ्या गाड्यांचा अभ्यास केला आहे. त्यांचा सल्ला असा : पट्टा सोडा, पहिल्या मिनिटाच्या आत खिडकी उघडा, मुलांना आधी बाहेर काढा. फोन लावण्यात हा वेळ घालवू नये. विजेच्या खिडक्या पाणी शिरताच लगेच बंद पडतीलच असे नाही, म्हणून त्या तत्काळ उघडणे हाच मार्ग. दाराच्या काचा साधारणपणे कडक केलेल्या असतात. त्या हाताने फुटत नाहीत, पण टोकदार हातोडीने कोपऱ्याजवळ मारल्यास चुरा होतात. काही नव्या गाड्यांत दारालाही थर चिकटवलेली काच असते, ती मात्र अशी फुटत नाही.

‘काच थोडी जड चालते, पण चालते’ अशी तक्रार पावसाळ्याआधी दुरुस्त करून घ्यावी, ती यासाठी.

१०. ज्ञान कोणाकडे?

चारही थरांकडे एकत्र पाहिले तर एक सरळ रेषा दिसते. पट्ट्याचा दोष डोळ्याला दिसत होता. रेग्युलेटरचा हाताला कळत होता. वायरींचा मीटरने कळू लागला. मॉड्यूलचा दोष कळायला स्कॅनर लागतो, आणि अनेकदा तो त्या कंपनीचाच लागतो. दोष-संकेतांची पी, बी, सी आणि यू अशी अक्षरे प्रमाणित आहेत, पण खिडकीचे संकेत ज्यात येतात त्या ‘बी’ गटातले पुष्कळ संकेत कंपनीगणिक वेगळे असतात.

हा प्रश्न भारतात कायद्यापर्यंत गेला. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, निदानाची साधने आणि तांत्रिक पुस्तिका स्वतंत्र गॅरेजना खुल्या बाजारात मिळू दिल्या जात नाहीत, हे त्यामागचे कारण होते. या आदेशावर पुढे अपिले झाली. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या कक्षेतही मोटारी आहेत.

या वादाची तुमच्या कामाशी थेट गाठ आहे. निदान करता आले नाही की आख्खा संच बदलला जातो. काही रुपयांचा प्लॅस्टिकचा तुकडा फुटलेला असताना मोटरसह पूर्ण रेग्युलेटर येतो, आणि खर्च ग्राहकाच्या माथी पडतो. साधने खुली व्हायला हवीत हे खरेच. पण वर पाहिल्याप्रमाणे चौथ्या थराच्या कित्येक तक्रारी खालच्या तीन थरांत सुटतात, आणि त्या थरांसाठी कान, हात आणि एक मल्टिमीटर पुरतो. तेवढे ज्ञान कोणत्याही कंपनीच्या कुलुपात नाही.

सारांश

गाडीच्या खिडकीत चार काळांची यंत्रणा एकत्र नांदते. नवा थर जुन्याला झाकतो, नाहीसा करत नाही. म्हणून लक्षण एका थरात आणि दोष दुसऱ्यात असू शकतो. भाग बदलण्याआधी थर ठरवा.

स्वाध्याय

१. डाव्या मागच्या दाराची काच चालकाच्या बटणाने चालते, पण त्या दाराच्या बटणाने चालत नाही. दोष कोठे असू शकतो? कोणते भाग चांगले आहेत असे तुम्ही ठामपणे म्हणू शकता?

२. दोन स्विच एकापुढे एक जोडल्याची आकृती काढा. दोन स्विचमधली एकच वायर तुटली तर एकच दिशा का बंद पडते, ते तिच्यावर दाखवा.

३. मोटर सोडवून मोजल्यास १२ व्होल्ट, जोडून मोजल्यास ४ व्होल्ट. यावरून काय समजते?

४. आपल्या गावातील एखाद्या जुन्या मिस्त्रीला भेटा. हँडलच्या काळात तो दोष कसा ओळखत असे आणि आज कसा ओळखतो, हे विचारून एक पान लिहा.